मदत हवी आहे: अनुमानाच्या प्रश्नांत 'बहुधा सत्य' कुठे संपतं आणि 'माहिती अपुरी' कुठे सुरू होतं?

रानजाई

नमस्कार मंडळी,

राज्यसेवा पूर्वची तयारी करतेय, जोडीला बँकेच्या परीक्षाही देते. सीसॅट, म्हणजे पूर्वचा दुसरा पेपर, आता पात्रतेपुरता आहे, २०० पैकी ३३ टक्के म्हणजे ६६ गुण मिळाले की झालं, हे मान्य. पण माझी भिस्त गणितावर नाही, उतारे आणि तर्कावर आहे. उत्तर चुकलं की पाव प्रश्नाचे गुण जातात, म्हणून अंदाजाने खूण करायची नाहीये. उत्तरसूचीत उत्तर मिळतं, कारण मिळत नाही. मला कारण हवंय.

पहिला नमुना. विधाने: सर्व आंबे फळे आहेत. काही फळे आंबट आहेत. निष्कर्ष: १) काही आंबे आंबट आहेत. २) काही आंबट वस्तू फळे आहेत. उत्तर: फक्त २. का? कैरी आंबट असतेच ना!

दुसरा जास्त छळतो. बँकेच्या जुन्या पेपरांत असायचा तो पाच पर्यायांचा प्रकार: निश्चित सत्य, बहुधा सत्य, माहिती अपुरी, बहुधा असत्य, निश्चित असत्य. उतारा असा: "तालुक्यातील ज्या गावांत गेल्या पाच वर्षांत नाला खोलीकरण झाले, त्या सर्व गावांत उन्हाळ्यातील टँकरची संख्या घटली. याच काळात तालुक्यात पाऊस सरासरीपेक्षा जास्त झाला." अनुमान: खोलीकरणामुळे टँकर घटले. मला हे 'बहुधा सत्य' वाटतं, सूचीत 'माहिती अपुरी' आहे. शेवटच्या क्षणी ठरवायचं कसं?

सह्यकडा

पहिल्याचं सांगतो. निष्कर्ष निघतो का हे बघायला तो खोटा पाडायचा प्रयत्न करा. दोन्ही विधानं खरी राहतील आणि निष्कर्ष खोटा ठरेल असं एक जरी चित्र काढता आलं, तर तो निष्कर्ष बाद. फळांचं मोठं वर्तुळ काढा, त्याच्या आत आंब्यांचं छोटं. आता आंबट वस्तूंचं वर्तुळ फळांना छेदून जाईल पण आंब्यांना शिवणार नाही असं काढा. जमलं? मग पहिला निष्कर्ष गेला. दुसरा मात्र कुठल्याच चित्रात पडत नाही, कारण 'काही फळे आंबट' हे विधान उलटं वाचलं तरी तेच सांगतं.

कैरी आंबट असते हे तुम्हाला घरून माहीत आहे, विधानांनी सांगितलेलं नाही. घोटाळा होत असेल तर आंब्याच्या जागी 'क्ष' लिहून सोडवा.

अभ्यासिकेतला_कोपरा

रानजाई, दुसऱ्या प्रश्नासाठी मी हाच उतारा वेगवेगळ्या अनुमानांनी तपासून बघते, म्हणजे सीमा दिसेल.

"खोलीकरण झालेल्या एकाही गावात टँकर वाढले नाहीत": निश्चित सत्य, उताऱ्यातच आहे. "खोलीकरण झालेल्या काही गावांत टँकर वाढले": निश्चित असत्य. "जिथे टँकर घटले त्या सर्व गावांत खोलीकरण झालं होतं": माहिती अपुरी, कारण खोलीकरण न झालेल्या गावांबद्दल उतारा गप्प आहे. इथे बरेच जण घसरतात. 'ज्या-त्या'चं वाक्य आपण नकळत उलटं वाचतो.

आता तुझं अनुमान. उताऱ्याने स्वतःच दुसरं संभाव्य कारण समोर ठेवलंय, जास्तीचा पाऊस. दोन्हींपैकी कुणाचा वाटा किती हे ठरवायला काहीच दिलेलं नाही. म्हणून माहिती अपुरी. पण त्यात एक वाक्य वाढव: "ज्या गावांत खोलीकरण झाले नाही, तेथे पाऊस तितकाच होऊनही टँकर पूर्वीइतकेच लागले." आता पारडं झुकलं. अजूनही निश्चित म्हणता येत नाही, खोलीकरण झालेल्या गावांत नळयोजनाही झाली असेल, पण 'बहुधा सत्य' नक्की म्हणता येतं.

मी स्वतःला विचारते: उताऱ्यातलं कुठलं वाक्य या अनुमानाच्या बाजूने वजन टाकतंय? वाक्यावर बोट ठेवता आलं आणि त्याला तोडीस तोड दुसरं वाक्य नसेल, तरच 'बहुधा'. वजन फक्त माझ्या मनातून येत असेल, तर 'माहिती अपुरी'.

जुनी_वही

अकरावी-बारावीला कला शाखेत तर्कशास्त्र शिकवत असे, म्हणून थोडी भर. उलटं वाचण्याचा हा दोष आपल्याकडच्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांनी, फार नेमका दाखवलाय. डोंगरावर धूर दिसला तर तिथे अग्नी आहे हे अनुमान योग्य, कारण जिथे धूर तिथे अग्नी ही व्याप्ती, म्हणजे कधी न चुकणारी सोबत, आहे. पण अग्नी आहे म्हणून धूर असेलच असं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओलं सरपण लागतं. उलट दिशेच्या अनुमानात ही जादा अट लपलेली असते, तिला ते उपाधी म्हणतात.

'फक्त'ची वाक्यं याच नजरेने वाचा. "फक्त पदवीधरच अर्ज करू शकतात" यावरून प्रत्येक अर्जदार पदवीधर असायला हवा एवढंच निघतं. प्रत्येक पदवीधर अर्ज करू शकतो हे निघत नाही, वयाची अटही असेल.

रानजाई

खूप आभार, विशेषतः ते वाढवलेलं वाक्य वाचून डोक्यात प्रकाश पडला. आणखी दोन शंका. 'सर्व नद्या बारमाही आहेत' आणि 'काही नद्या बारमाही नाहीत' यांपैकी एकही स्वतंत्रपणे निघत नसताना उत्तर 'एकतर १ किंवा २' कसं येतं? आणि 'सर्व अ ब आहेत' यावरून 'काही अ ब आहेत' धरायचं का?

सह्यकडा

चित्र कसंही काढा, त्या दोघांपैकी एक खरा आणि एक खोटा ठरतोच, म्हणून 'एकतर'. 'काही आहेत' आणि 'एकही नाही' ही जोडीही तशीच. पण 'सर्व आहेत' आणि 'एकही नाही' असं आलं तर 'एकतर' लावू नका. काही नद्या बारमाही आणि काही नाहीत असं असलं, की दोन्ही खोटे पडतात.

जुनी_वही

दुसऱ्या शंकेचं: स्पर्धा परीक्षेत धरायचं. तिथे 'काही' म्हणजे किमान एक, आणि 'अ' या वर्गात कुणीतरी आहे असं गृहीत असतं. आधुनिक तर्कशास्त्र ते गृहीत धरत नाही, म्हणून पदवीचं पुस्तक उघडलंत तर उत्तर वेगळं दिसेल.