मदत हवी आहे: बोइंग ७३७-२०० चं १:५० मॉडेल आणि इतिहासाचे तक्ते

पुठ्ठेकाम

नमस्कार मंडळी. डिप्लोमाच्या विद्यार्थ्यांचं प्रदर्शन आहे, छत्रपती संभाजीनगरला. विषय कमी पल्ल्याची दोन इंजिनी जेट विमानं. इंडियन एअरलाइन्सच्या काळातलं बोइंग ७३७-२०० बनवायचं ठरलंय, माप १:५०, सोबत चार तक्ते. हातात तीन आठवडे आहेत आणि शंका बऱ्याच:

१. बॉडीसाठी ७५ मिमीचा पीव्हीसी पाइप आणलाय. लांबी किती धरायची? तीन ठिकाणी तीन आकडे मिळाले: २८.६५, २९.५ आणि ३०.५३ मीटर.

२. जमवलेल्या फोटोंत काही विमानांची इंजिनं आखूड, काहींची पंखामागे लांबवर आलेली. एका फोटोत पुढच्या चाकाला फळीसारखा पत्रा आहे. यातलं आपल्याकडचं कुठलं?

३. मुलांनी तक्त्यावर लिहिलंय, "शेपटीकडे जागा नव्हती म्हणून इंजिनं पंखाखाली गेली." ठेवू की खोडू?

४. "मॅक्समध्ये (७३७ चं अलीकडचं मॉडेल) पहिल्यांदाच इंजिन पुढे सरकवलं." हेही लिहिलंय.

५. १९८८ साली छत उडालेल्या अलोहा एअरलाइन्सच्या विमानावर एक तक्ता आहे. "विमान जुनं झालं होतं" यापलीकडे काही सांगता येईल का? हातात घेऊन बघता येईल असं काही असेल तर फारच उत्तम.

फूटपट्टी

तिन्ही आकडे बरोबर आहेत, वस्तू वेगवेगळ्या आहेत. २८.६५ ही आधीच्या, आखूड ७३७-१०० ची लांबी. ३०.५३ ही -२०० ची नाकापासून शेपटीच्या शेवटच्या टोकापर्यंतची. २९.५ ही -२०० च्या नुसत्या बॉडीची, कारण शेपटीचे पंख बॉडीच्या मागे थोडे बाहेर येतात. तेव्हा नाक आणि मागचा शंकू धरून बॉडी ५९ सेमी, आणि शेपटी लावल्यावर एकूण ६१ सेमी भरली पाहिजे. पंखांचा विस्तार २८.३५ मीटर म्हणजे ५६.७ सेमी.

पाइप रुंदीला अगदी चपखल आहे. खरी रुंदी ३.७६ मीटर, १:५० ला ७५.२ मिमी. पण ७३७ ची बॉडी गोल नाही. वरचा आणि खालचा असे दोन कंस आतल्या फरशीच्या पातळीला जुळतात, आणि उंची ४.०१ मीटर, म्हणजे ८० मिमी. नुसता पाइप ठेवलात तर विमान बारीक दिसेल आणि काय चुकलंय ते कुणाला सांगताही येणार नाही. पाइप लांबीच्या दिशेने दोन्ही बाजूंनी चिरा आणि मध्ये ५ मिमी सनबोर्डच्या पट्ट्या घाला. हॅकसॉचं पातं प्रत्येक चिरेत मिलिमीटरभर खातं, म्हणून पट्टी आधी कापून ठेवू नका. दोन्ही अर्धे ८० मिमीच्या साच्यात धरा आणि जी फट उरेल तेवढी पट्टी कापा. चिकटवायला अॅराल्डाइट. पाइपचं सोल्व्हंट सिमेंट सनबोर्डला मऊ पाडतं, जोड वाकडा बसतो.

पंखाचा मागे झुकाव २५ अंश, पण तो पंखाच्या रुंदीच्या पुढून पाव भागावर काढलेल्या रेषेचा. पुढची कड २५ अंशांवर लावणं ही हमखास होणारी चूक आहे, कडेचा कोन त्याहून जास्त असतो. वरचा उठाव ६ अंश. कोनमापकाच्या भानगडीत पडू नका. पंखाचं टोक मुळापेक्षा २६ मिमी वर आलं की झालं. काड्यापेटीचे ठोकळे खाली लावून वाळू द्या.

उलटा_झोत

शंका २. आखूड इंजिनं म्हणजे अगदी सुरुवातीची विमानं. बोइंगने ७२७ वरचा हवेच्या दाबावर चालणारा थ्रस्ट रिव्हर्सर (उतरल्यावर इंजिनाचा झोत पुढे वळवून विमान थांबवायला मदत करणारी यंत्रणा) तसाच उचलून इथे बसवला होता. तो उघडला की विमान थांबवण्याऐवजी धावपट्टीवरून उचलू बघे. चाकांवरचा भार कमी झाला की ब्रेकही धरत नाहीत, म्हणजे दुहेरी तोटा. १९६९ पासून मागचा नळा सुमारे १.२ मीटरने लांबवला आणि त्याच्या टोकाला हायड्रॉलिकवर चालणारी दोन पाळी (खोलगट झाकणं) लावली. ती नळ्यामागे मिटून झोत पुढे वळवतात. इंडियन एअरलाइन्सकडे ७३७ आली ती १९७०-७१ पासून, म्हणून तुमच्या मॉडेलला लांब नळा. १:५० ला ती वाढ २४ मिमी.

पाळी उघडी दाखवणार असाल तर सरळ वर-खाली लावू नका. ती उभ्या रेषेपासून ३५ अंश कललेली असतात: आतल्या बाजूचा झोत पंखाच्या वरून, बाहेरच्या बाजूचा पंखाखालून. सरळ लावली असती तर गरम झोत पंखावर, फ्लॅपवर आणि चाकांवर आदळला असता. डाव्या-उजव्या इंजिनांचा कल एकमेकांच्या आरशातला, हे मुलांना आधीच सांगा. नाहीतर दोन्ही एकाच दिशेला लागतात.

पुढच्या चाकाचा पत्रा हा खडीच्या धावपट्टीचा संच आहे, कॅनडा-अलास्काकडचा. चाकाने उडवलेले खडे पोटावर आणि इंजिनात जाऊ नयेत म्हणून. त्याच फोटोत इंजिनाच्या तोंडापुढे खालून एक बारीक नळी निघालेली दिसेल. इंजिनातूनच काढलेली दाबाची हवा त्या नळीतून फुंकतात, त्यामुळे जमिनीवरून खडे ओढणारा भोवरा तयारच होत नाही. सुंदर कल्पना आहे, पण आपल्याकडच्या मॉडेलला दोन्ही नकोत.

आणखी दोन गोष्टी. मागच्या मोठ्या चाकांना झाकणं लावू नका, ७३७ ला ती नसतातच. चाकं आत मिटली की टायरची बाजू पोटाखाली उघडी दिसते. आणि कॉकपिटच्या खिडक्यांच्या वर दोन्हीकडे भुवईसारख्या छोट्या खिडक्या हव्यात. त्या विसरलात तर चेहरा अलीकडच्या विमानाचा होतो.

खिडकीजवळची_सीट

शंका ३ खोडा. उलट आहे. त्या वेळचे बाकीचे सगळे शेपटीकडेच गेले होते: फ्रेंच कॅराव्हेल (पहिलं उड्डाण १९५५), ब्रिटिश बीएसी वन-इलेव्हन (१९६३), डग्लस डीसी-९ (फेब्रुवारी १९६५). बोइंगमध्येही सुरुवातीची चित्रं तशीच होती. बोइंगचे अभियंते जो सटर यांनी इंजिनं पंखाखाली घ्यायचा आग्रह धरला; त्यावरच्या पेटंटवर त्यांचं आणि त्यांचे सहकारी जॅक स्टाइनर यांचं नाव आहे.

कारणं वजनाची आणि जागेची. इंजिनं शेपटीला लावली की बॉडीचा मागचा भाग मजबूत करावा लागतो, आडवी शेपटी वर न्यावी लागते, आणि तिचं वजन पेलायला उभी शेपटी आणखी जड. इंजिनं पंखाखाली असली की त्यांचं वजन पंखाच्या उचलीच्या उलट दिशेला पडतं, त्यामुळे पंखाच्या मुळाशी वाक कमी येतो. शिवाय बॉडीत मागेपर्यंत खुर्च्या बसतात. डीप स्टॉलचा प्रश्नही टळला: नाक फार वर गेलं की पंखामागची ढवळलेली हवा उंचावरच्या शेपटीला झाकून टाकते आणि नाक खाली आणता येत नाही. वन-इलेव्हनचं पहिलंच विमान ऑक्टोबर १९६३ मध्ये चाचणीत असंच गेलं.

दुसरा निर्णय रुंदीचा. ७०७ आणि ७२७ चीच ३.७६ मीटर रुंदी घेतली, म्हणून एका ओळीत सहा खुर्च्या. डीसी-९ मध्ये पाच. त्यामुळे विमान आखूड आणि जाडं दिसतं.

तारखा: लुफ्तान्साची २१ विमानांची मागणी फेब्रुवारी १९६५, पहिलं उड्डाण ९ एप्रिल १९६७, लुफ्तान्साची सेवा १० फेब्रुवारी १९६८. -१०० फक्त ३० बनली. अमेरिकेच्या युनायटेडने लगेच लांब -२०० मागितलं आणि खरा खप त्याचाच झाला.

तुमच्या फोटोंत एअर इंटर (फ्रान्सची विमान कंपनी) असं लिहिलेलं एखादं विमान आलंय का, तेही बघा. ते फ्रेंच कंपनी दासोचं मर्क्युर, दिसायला ७३७ चा चुलतभाऊ. नमुन्यांसकट १२ बनली, मागणी एकट्या एअर इंटरची १०. अपघात एकही नाही, १९९५ पर्यंत उडाली. पण पल्ला इतका आखूड ठेवला की फ्रान्सच्या बाहेर कुणाला ते उपयोगाचं वाटेना. कमी पल्ला किती कमी असावा यावर एखादी चौकट करायला हरकत नाही.

पुठ्ठेकाम

पाइप चिरून झाला, फट ६.५ मिमी निघाली, म्हणजे पातं खरंच खातं. मर्क्युरचा एक फोटो होता, काढला. पण एक कळलं नाही: इंजिनं पंखाखाली एवढी चिकटून का? मधे खांबच दिसत नाही.

उलटा_झोत

कारण विमान मुद्दाम बुटकं ठेवलंय. लहान विमानतळांवर शिडी नाही, सामान चढवायचं यंत्र नाही. सामानाचा दरवाजा माणसाने जमिनीवर उभं राहून भरावा, प्रवाशांनी विमानातल्याच घडीच्या जिन्याने उतरावं. त्यासाठी चाकांचे पाय आखूड. त्या वेळचं जेटी८डी इंजिन सडपातळ होतं, पंख्याचा व्यास जेमतेम १ मीटर, म्हणून ते पंखाखाली सरळ चिकटवता आलं.

हेच पुढे अंगाशी आलं, आणि शंका ४ चं उत्तरही यातच आहे. इंधन वाचवायचं तर पंखा मोठा हवा. १९८४ च्या -३०० ला सीएफएम५६-३ बसवलं, पंखा १.५२ मीटर. त्याच इंजिनाचा आधीचा अवतार १.७३ मीटरचा होता, तो ७३७ साठी कापून लहान केला. तरीही खाली मावेना. मग इंजिन पंखाच्या पुढे काढून वर उचललं आणि त्याच्या पोटाखाली असणारी गिअरपेटी बाजूला नेली. काऊलचं (इंजिनाच्या बाहेरच्या आवरणाचं) तोंड खालून चपटं झालं ते यामुळे. तेव्हा इंजिन पुढे सरकलं ते १९८४ मध्येच. मॅक्समध्ये (पहिलं उड्डाण जानेवारी २०१६) ते आणखी पुढे आणि वर गेलं, पंखा १.७६ मीटर, आणि पुढच्या चाकाचा पाय २० सेमी वाढवावा लागला.

तक्त्यावर १:५० ची चार वर्तुळं एका ओळीत काढा: २०, ३०, ३१ आणि ३५ मिमी. -२००, -३००, -८००, मॅक्स. खाली जमिनीची एकच रेषा. त्यापुढे फार लिहावं लागणार नाही.

बघ्या

मॅक्सबद्दल "इंजिनामुळे तोल गेला म्हणून पडलं" असं लिहिणार असाल तर नका लिहू.

उलटा_झोत

बरोबर. पुढे गेलेल्या मोठ्या काऊलमुळे नाक खूप वर असताना काऊलही उचल देतं आणि स्टिअरिंगचा ओढा हलका लागतो. नियमाला तो हलकेपणा चालत नाही, म्हणून एमकॅस नावाची प्रणाली आडवी शेपटी आपोआप हलवून नाक खाली दाबायची. घात केला तो तिच्या रचनेने: नाकाचा कोन मोजणारे सेन्सर दोन, पण ती एका वेळी एकावरच विसंबून, आणि वैमानिकाने ट्रिम (आडव्या शेपटीचा कोन) परत वर घेतला तरी पुन्हा पुन्हा कामाला लागणारी. ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९, दोन अपघात, ३४६ मृत्यू. एवढंच लिहा.

रिव्हेट

शंका ५. "जुनं" हा शब्द काढाच, कारण किती तास उडालं यापेक्षा किती वेळा उडालं हे महत्त्वाचं. हवाई बेटांमधली ती उड्डाणं छोटी. त्या विमानाचे तास ३५,४९६, पण उड्डाणं ८९,६८०; बोइंगने मूळ हिशेब ७५,००० उड्डाणांचा धरला होता. दर उड्डाणाला बॉडी आतल्या दाबाने फुगते आणि उतरल्यावर सैल होते. कमी पल्ल्याच्या विमानाचं आयुष्य या फुगण्यात मोजायचं.

आता जोड. बॉडीचा पत्रा ०.९ मिमी. सुरुवातीच्या ७३७ मध्ये पत्र्यावर पत्रा ठेवून मधे चिकटद्रव्यात भिजवलेली जाळीदार पट्टी घालत, वरून रिव्हेटच्या तीन ओळी. ताण चिकटद्रव्याने घ्यायचा अशी योजना. पण ती पट्टी थंड साठवावी लागे. बाहेर काढल्यावर तिच्यावर दव धरलं किंवा ती आधीच सुकायला लागली तर नीट चिकटत नसे. मग खारट दमट हवा आत शिरून गंज, आणि सगळा ताण रिव्हेटवर. रिव्हेटचं डोकं पत्र्यात बुडवायला काढलेला खळगा एवढ्या पातळ पत्र्यात आरपार जातो आणि भोकाची खालची कड सुरीसारखी धारदार होते. तिथून केसाएवढे तडे. वरच्या ओळीतल्या शेजारशेजारच्या भोकांमधले तडे जुळले आणि २८ एप्रिल १९८८ ला २४,००० फुटांवर पुढच्या छताचा सुमारे साडेपाच मीटर भाग गेला. एका हवाई सेविकेचा मृत्यू झाला. विमान माउई बेटावर उतरलं. २९२ व्या विमानापासून बोइंगने हा जोड बदलला होता. हे १५२ वं.

हातात द्यायला: १ मिमी अॅल्युमिनियमचे दोन तुकडे आणि एक ३ मिमीचा. तिन्हींत ४ मिमीची भोकं पाडा, वरून काउंटरसिंक बिटने डोकं बसेल एवढा खळगा करा. बिट हाताने फिरवा, ड्रिलवर एका झटक्यात आरपार जातं. ३ मिमीच्या तुकड्यात खळग्याखाली सरळ भिंत उरते. १ मिमीच्या तुकड्यात काहीच उरत नाही, भोक खालूनच मोठं व्हायला लागतं. भिंग ठेवा. कड खरोखर कापते, तेव्हा बोटं लावू देऊ नका. काचेच्या पेटीत किंवा टेपखाली ठेवा.

पुठ्ठेकाम

हे जमण्यासारखं आहे, धन्यवाद. मॉडेलच्या पाटीवर नुसतं "७३७-२००" पुरेल?

फूटपट्टी

"७३७-२ए८" लिहा. प्रत्येक ग्राहकाला बोइंगचा ठरलेला सांकेतिक क्रमांक असायचा आणि तो मॉडेलच्या शेवटच्या दोन जागांवर यायचा. इंडियन एअरलाइन्सचा ए८, लुफ्तान्साचा ३०, युनायटेडचा २२. म्हणून लुफ्तान्साचं पहिलं मॉडेल ७३७-१३०. इंडियन एअरलाइन्सच्या बऱ्याच फोटोंखाली २ए८ दिसतं ते यामुळे.

खिडकीजवळची_सीट

प्रदर्शन संभाजीनगरला आहे म्हणून सांगतो, लोक हमखास विचारतील. २६ एप्रिल १९९३ ला चिकलठाण्याहून मुंबईकडे निघालेलं व्हीटी-ईसीक्यू हे विमान २ए८ च होतं. धावपट्टीच्या टोकापलीकडच्या बीड रस्त्यावर कापसाच्या गाठींच्या ट्रकला त्याचा डावा लँडिंग गिअर आणि डावं इंजिन धडकलं, पुढे विजेच्या तारा लागल्या. ११८ पैकी ५५ जण गेले. चौकशीत दोन कारणं आली: नाक उशिरा उचललं गेलं, आणि त्या वेळी रस्त्यावरची वाहतूक रोखलेली नव्हती. मॉडेलवर तो नोंदणी क्रमांक मात्र घालू नका. बघायला येणाऱ्यांत त्या घरातलं कुणी असू शकतं.

पुठ्ठेकाम

नाही घालत. ६.५ ची पट्टी बसवली, साच्यात ८० भरतंय. उद्या पंख.