मदत हवी आहे: ऑनर्सचा आंतरविद्याशाखीय कोअर कोर्स आणि 'टाचणीने जोडलेले दोन निबंध'

रकाना_रिकामा

नमस्कार मंडळी,

मी संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विद्यापीठाच्या ऑनर्स प्रोग्रॅममध्ये निवड झाली तेव्हा घरी फार कौतुक झालं, पण त्यातले कोअर कोर्स काय प्रकार असतात ते कुणी सांगितलं नव्हतं. चार कोर्स सक्तीचे. प्रत्येक कोर्स दोन वेगळ्या विभागांचे शिक्षक मिळून शिकवतात. पहिला कसाबसा निभावला. सध्या दुसरा चालू आहे, साथीचे रोग आणि शहरं यावर. मॅडम इतिहासाच्या, सर सार्वजनिक आरोग्याचे. वर्गात आम्ही सोळाजण गोल बसतो आणि तोंड उघडलं नाही तर मार्क जातात.

पहिला पेपर १८५४ च्या लंडनमधल्या कॉलऱ्यावर होता. मी अर्ध्या भागात जॉन स्नोची (कॉलरा दूषित पाण्यातून पसरतो असं मांडणारा तिथला डॉक्टर) आकडेवारी मांडली: साउथवर्क अँड वॉक्सहॉल कंपनीचं पाणी येणाऱ्या दर १०,००० घरांमागे ३१५ मृत्यू, लँबेथ कंपनीच्या घरांमागे ३७. उरलेल्या अर्ध्यात लंडनच्या सांडपाण्याचा इतिहास. शेवटी 'अशा प्रकारे दोन्ही विषय तितकेच महत्त्वाचे आहेत' असं लिहून मोकळी झाले.

पेपर परत आला. सरांचा शेरा: 'तक्ता उत्तम.' त्याच्याखाली मॅडमचा: 'हे दोन निबंध आहेत, टाचणीने जोडलेले. तुझा प्रश्न काय आहे?' मार्क सांगत नाही.

दहा दिवसांत पुन्हा लिहून द्यायची मुभा आहे. पण हा 'प्रश्न' शोधायचा कसा? आणि दोघांपैकी नक्की कुणाचं ऐकायचं? ऑनर्समध्ये टिकायला ठरावीक सरासरी लागते, ती घसरायच्या आत स्वतःहून बाहेर पडावं का, असंही डोक्यात येतंय. जाणकारांनी कृपया सांगावं.

तळटीप

शेवटचं वाक्य आधी खोडा. बाकीचं नंतर बोलू. 😀

पंतोजी

मी असे कोर्स दुसऱ्या शिक्षकाबरोबर काही वर्षं शिकवलेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

दोन शिक्षकांना खूश करायचं म्हणून प्रत्येकाला अर्धा पेपर देणं हे जवळपास प्रत्येक विद्यार्थी पहिल्यांदा करतो. त्यात कमीपणा नाही. पण दोन्ही अर्ध्यांना एकमेकांची गरज आहे का, हे तपासून बघा. सांडपाण्याचा भाग काढून टाकला तर तुमचा तक्ता लंगडा होतो का? होत नसेल, तर मॅडम बरोबर बोलल्या.

आता तुमच्याच तक्त्याकडे या. तुम्ही संख्याशास्त्राच्या आहात, मग एक विचारतो: 'कोणत्या कंपनीचं पाणी' हा रकाना भरला कसा? दोन्ही कंपन्यांचे नळ बऱ्याच ठिकाणी एकाच गल्लीतून जात होते. लँबेथने १८५२ मध्ये पाणी उचलण्याची जागा थेम्सच्या वरच्या अंगाला, शहराच्या घाणीच्या वर नेली. दुसरी कंपनी खालीच राहिली. शेजारी शेजारी घरं, पाणी वेगळं. स्नो दारोदार फिरला, पण पुष्कळ भाडेकरूंना आपलं पाणी कुणाचं हेच सांगता येईना, कारण पाणीपट्टी घरमालक भरायचा आणि तो राहायचा भलतीकडेच. शेवटी स्नोने पाण्याचे नमुने घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेट टाकून पाहिलं. खालच्या अंगाच्या पाण्यात मीठ कितीतरी जास्त, त्यावरून कंपनी ओळखता आली.

म्हणजे तुमच्या एका रकान्यात रसायनशास्त्र आहे, नदीची भरती-ओहोटी आहे आणि घरमालक-भाडेकरूंचा सगळा व्यवहार आहे. सांधा तिथे आहे. तुम्ही तो पानाच्या मध्यभागी शोधत होतात.

रकाना_रिकामा

बाप रे. माझ्या टोपणनावाला आता अर्थ आला. हा तक्ता मी पुस्तकातून जसाच्या तसा उतरवला होता, तो भरला कुणी हे मनातही आलं नाही.

पण पंतोजी, मग 'आकड्यांनी सत्य सिद्ध झालं' असं म्हणू शकते ना?

पंतोजी

जपून. विल्यम फार हा त्या काळचा मोठा आकडेतज्ज्ञ. १८४९ च्या साथीवरून त्याने दाखवलं होतं की थेम्सपासून जमीन जसजशी उंच, तसतसे मृत्यू कमी. आकडे सुरेख जुळत होते. त्यावरून त्याचं म्हणणं, की रोग सखल भागातल्या दूषित हवेतून येतो. आकडे त्याच्याकडेही होते आणि स्नोकडेही! पुढे १८६६ च्या साथीत फारनेच पाण्याच्या बाजूने पुरावा गोळा केला. त्याचं मत बदलायला काय लागलं, हा प्रश्न संख्याशास्त्र एकटं सोडवू शकत नाही आणि इतिहासही एकटा नाही.

दोन्ही मुद्दे घेऊ नका, एकच घ्या. पेपर किती पानांचा आहे तेही बघा.

निवांत

ऑनर्स सोडण्याबद्दल: मी सोडला होता. आभाळ कोसळलं नाही, पदवी व्यवस्थित मिळाली, पुढे नोकरीत कुणी विचारलंही नाही. चुकलं एवढंच, की एका वाईट पेपरनंतर रागाच्या भरात सोडला. आधी फेरलेखनाचे मार्क येऊ द्या. सोडायची शेवटची तारीख काय आहे तीही बघून ठेवा. शेवटच्या वर्षीचा प्रबंध लिहायची खुमखुमी असेल तर हे कोर्स उपयोगी पडतात, नसेल तर चार सक्तीचे कोर्स ओढत नेणं जड जातं.

आणि कुणाचं ऐकायचं म्हणाल, तर दोघांना एकाच वेळी भेटा. एकेकट्याला भेटलात की दोन वेगळे सल्ले घेऊन याल. आम्ही तेच करायचो.

तळटीप

निवांत यांना +१. आमच्या वेळी दोन्ही शिक्षक वर्गातच एकमेकांशी भांडायचे. सगळ्यात जास्त मी त्या भांडणातून शिकलो, फक्त परीक्षेत ते येत नव्हतं.

रकाना_रिकामा

सगळ्यांचे आभार. दोघांना मेल टाकली, गुरुवारी एकत्र भेटतायत.

प्रश्न असा लिहिलाय, सांगा चालेल का: 'भाडेकरूला स्वतःचं पाणी कुठून येतं हे माहीत नसताना स्नोने घरोघरची माहिती खरी कशी ठरवली, आणि त्या पद्धतीवर त्याच्या निष्कर्षाचा किती भार आहे?' सांडपाण्याची चार पानं काढली. जीवावर आलं, पण काढली.

एक शंका. त्याच साथीत लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या दूषित पाण्याच्या पंपाजवळच्या दारूभट्टीतले कामगार ते पाणी न पिता बिअर पीत असल्यामुळे वाचले, हा किस्सा मला फार आवडतो. कुठेतरी घुसवू का?

पंतोजी

प्रश्न चालेल. 'किती भार आहे' हे उत्तम, तिथे तुमचं संख्याशास्त्र कामी येईल.

बिअर वर्गातल्या चर्चेसाठी ठेवा. गप्प बसलात तर मार्क जातात म्हणालात ना?