शब्दचर्चा: ‘डोळे येणे’, दाह, शोथ आणि आतड्याचा आजार

प्रश्न

माझ्या धाकट्या बहिणीला चार वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण होण्याचा आजार आहे. गेल्या मे महिन्यात तिचा उजवा डोळा लाल झाला. नागपूरचा मे, पारा 45 च्या आसपास. त्यामुळे घरात आणि शेजारी सगळ्यांचं एकच: “डोये आले वाटते तुले, उन्हात फिरू नको.” गुलाबपाण्याच्या घड्या झाल्या, औषधाच्या दुकानातून थेंब आणून झाले. बारा दिवस असेच गेले. मग उजेड सोसेना, समोरचं धुरकट दिसायला लागलं, तेव्हा नेत्रतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी स्लिट लॅम्पखाली (डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राखाली) डोळा पाहिला आणि लगेच पोटाबद्दल विचारलं. निदान निघालं युव्हिआयटिस. मराठीत त्यांनी ‘डोळ्याच्या आतला दाह’ असं सांगितलं. घरी आल्यावर आई म्हणाली, “दाह म्हणजे आगच ना, मग थंड काही ठेव डोळ्यावर.”

‘दाह’ बरोबर की ‘शोथ’? युव्हिआयटिसला घरात समजेल असा मराठी शब्द आहे का? आणि ‘डोळे आले’ हे आपण नेमकं कशाकशाला म्हणतो? त्या एका वाक्यापायी आमचे बारा दिवस गेले, म्हणून विचारते आहे.

प्रतिसाद

ताई, ‘येणे’पासून सुरुवात करू. ताप येतो, देवी येत, तोंड येतं, डोळे येतात. या क्रियापदात आजार बाहेरून येतो, राहतो आणि आपणहून जातो असं गृहीत असतं. पापणीच्या आतल्या अस्तराला संसर्ग होतो, चिपडं येतात, सकाळी पापण्या चिकटतात, घरात एकाचं दुसऱ्याला होतं, त्या दुखण्याला हा शब्द चपखल बसतो. 2023 च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर साथ होती, तेव्हा तो योग्यच होता. तुमच्या बहिणीच्या डोळ्यात मात्र बाहेरून काही आलं नव्हतं. तिच्याच शरीराची रोगप्रतिकारशक्ती आतड्यावर उलटली होती, तीच डोळ्यावर उलटली. तिथे ‘आले’ म्हटलं की ‘जातील’ हे ऐकणारा मनातल्या मनात पुरं करतो. आणि मराठीत ‘डोळे गेले’चा अर्थ काय होतो, ते सांगायला नको.

‘तोंड येणे’ही इथलंच आहे. आतड्याच्या अशा सुजेच्या आजारांत, त्यातही कोलायटिसचाच भाऊबंद असलेल्या क्रोन्समध्ये विशेष, तोंडात व्रण होतात आणि तेही आपण उष्णतेवर ढकलतो.

प्रतिसाद

दाह आणि शोथ दोन्ही अर्धे आहेत. पहिल्या शतकातल्या सेल्सस या रोमन लेखकाने चार खुणा सांगितल्या: लाली, सूज, ऊब, वेदना. संस्कृतातला ‘दाह’ जळण्याचा, म्हणजे त्यात ऊब आली. ‘शोथ’ सुजेचा. म्हणून मराठी वैद्यकीय लेखनात ‘दाहयुक्त सूज’ असा जोडप्रयोग दिसतो. लांबलचक आहे, पण प्रामाणिक आहे. घरात ‘सूज’ पुरे. सुजेवर औषध घ्यायचं असतं हे आईला कळतं. दाह ऐकला की ती वाळा शोधते.

प्रतिसाद

युव्हिआ म्हणजे डोळ्याचा मधला थर; हे नाव लॅटिनमधल्या द्राक्षाच्या शब्दावरून आलं. बाहेरचं पांढरं आवरण सोललं की आतला थर काळ्या द्राक्षासारखा दिसतो. पुढच्या भागाच्या सुजेला ‘बुबुळाची सूज’ म्हणावं असं मला वाटायचं, पण आता नको वाटतं. आपण बुबुळावर फूल पडलं म्हणतो, बुबुळ बदललं म्हणतो, तेव्हा बोलतो ते समोरच्या पारदर्शक पडद्याबद्दल. एका शब्दाने हा आणि त्यामागचा, बाहुलीभोवतीचा रंगीत, असे दोन पडदे झाकले जातात. त्यापेक्षा ‘डोळा आतून सुजला’ बरं.

प्रश्नकर्ती

‘आतून’ हा शब्द आवडला. नेत्रतज्ज्ञांनी सांगितलेलं इथे लिहून ठेवते, कारण त्यात मराठी क्रियापदं फार कामाची निघाली. वरवरच्या थराची सूज, एपिस्क्लेरायटिस: डोळा चुरचुरतो, लाल होतो, नजर ठीक राहते. ही बहुधा आतड्याबरोबर चढते-उतरते. खोल पांढऱ्या थराची सूज, स्क्लेरायटिस: डोळा ठणकतो, रात्री झोपेतून उठवतो. युव्हिआयटिस: डोळा दुखतो, उजेड खुपतो, दिसायला धूसर, बुबुळाभोवती लालसर कडं आणि चिपडं नाहीत. हा पोट शांत असतानाही उठतो, कधी पोटाचं निदान होण्याआधीच. तिला स्टेरॉइडचे आणि बाहुली मोठी करणारे असे दोन थेंब दिले. दुसरे कशाला, हे विचारलं. बाहुलीची कड मागच्या भिंगाला चिकटू नये म्हणून. हे थेंब मनाने आणायचे नाहीत, हेही बजावलं: संसर्गाच्या डोळ्यात स्टेरॉइड घातक ठरू शकतं आणि फार दिवस चाललं तर मोतीबिंदू, काचबिंदू होऊ शकतो.

प्रतिसाद

ज्यांच्या नावाने क्रोन्स ओळखला जातो, त्या बरिल क्रोन यांनी 1925 मध्येच अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णांतल्या डोळ्याच्या विकारांवर लिहिलं होतं. त्यांच्या नावाचा आजार 1932 मध्ये मांडला गेला. म्हणजे पोट आणि डोळा यांचं नातं जुनं आहे, आपल्या बोलण्यात ते उतरलेलं नाही एवढंच.

एक विनंती. ‘आतड्याची सूज’ म्हणताना आयबीडी (कोलायटिस, क्रोन्स हे सुजेचे आजार) आणि आयबीएस (पोटदुखी, जुलाब किंवा बद्धकोष्ठ यांचा त्रास) यांची गल्लत होऊ देऊ नका. आयबीएसमध्ये आतड्याला अशी सूज नसते.

प्रश्नकर्ती

बहिणीच्या फाइलच्या पहिल्या पानावर आता हे चिकटवलं आहे: “मला आतड्याच्या सुजेचा जुना आजार आहे. डोळा लाल होऊन दुखत असेल किंवा उजेड सोसत नसेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा.” आईने वाचलं. ‘सोसत’च्या जागी ‘सोसवत’ कर म्हणाली. केलं.