आयुष्मान कार्डावर अँजिओप्लास्टी, इंदुरात कुठे करावी?

राजेंद्रनगरकर:
बाबांना ७६ पूर्ण. अँजिओग्राफीत एक ब्लॉकेज निघालं, डॉक्टर म्हणतात घाई नाही, पण या महिन्यात करून टाका. सत्तरीवरच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलंय. घराजवळच्या हॉस्पिटलाने फोनवर "कार्ड चालतं" सांगितलं. गेलो तर म्हणे हार्टसाठी नाही, ४० हजार जमा करा. परत आलो. माझ्या कंपनीच्या पॉलिसीतही बाबा आहेत, त्यामुळे कार्ड बाद होतं का?

रामबागेतली सून:
नाही होत. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वरच्या सगळ्यांना ५ लाखांपर्यंत, उत्पन्न न बघता. खासगी विमा असला तरी. आमच्या सासऱ्यांची अँजिओप्लास्टी सरकारी सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलात झाली. पैसा लागला नाही, पण तारखेसाठी अकरा दिवस थांबलो आणि पर्चीच्या रांगेत नवऱ्याच्या तीन सुट्ट्या गेल्या.

डेस्कवाला:
खासगी हॉस्पिटलात आयुष्मानच्याच खिडकीवर बसतो. "कार्ड चालतं का" असं विचारलंत तर "हो"च ऐकू येणार! मान्यता विभागवार असते. हाडांसाठी आहे, हृदयासाठी नाही, असं सर्रास. कार्डिओलॉजीत आहात का, ते विचारा. मग भरती करून मंजुरी आली का, ते बघा. (इमर्जन्सीत थांबू नका.) आधी पैसे भरलेत तर योजनेतून परत मिळत नाहीत, सगळं कॅशलेस. अँजिओग्राफीची सीडी न्याच. सुटी झाल्यावरची १५ दिवसांची औषधं पॅकेजातच असतात, पण मागून घ्यावी लागतात.

एक डॉक्टर:
आमची बाजूही ऐका. दर ठरलेले, पैसे महिनोन्महिने उशिरा, एक कागद राहिला की क्लेम अडकतो. म्हणून छोटी हॉस्पिटलं "बेड नाही" म्हणतात. तरी "वरचे द्या, चांगला स्टेंट टाकतो" कुणी म्हटलं तर ते चूकच. योजनेच्या हेल्पलाइनवर, १४५५५ वर तक्रार करा.

राजेंद्रनगरकर:
आता कळलं कुठे चुकलो. वहिनी, रांगेला किती वाजता जाऊ?

रामबागेतली सून:
सहाला. बाहेर पोहे-जलेबी मिळते. तुम्ही खा, बाबांना देऊ नका, उपाशीपोटी रक्त घेतात.