‘असर्टिव्ह’ला मराठीत काय म्हणाल? निर्भीड, ठाम की आणखी काही?

सायली_चाकण: एका कारखान्याच्या इंग्रजी सूचनाफलकांचं मराठी करतेय. ‘असर्टिव्ह’पाशी अडले. मशीनचा गार्ड (हात आत जाऊ नये म्हणून लावलेलं झाकण) काढून काम चाललेलं दिसलं, तर समोर वरिष्ठ असला तरी ‘असर्टिव्हली’ सांगा, असा मजकूर आहे. मी ‘निर्भीडपणे सांगा’ लिहिलं. एचआरच्या बाई म्हणाल्या, हे साप्ताहिकाच्या नावाखाली असतं तसं वाटतंय, ‘निर्भीड व निःपक्षपाती’. ‘ठामपणे’ केलं, तर युनियनवाले म्हणतात, ठाम आम्ही मागण्यांवर असतो. उद्या दुपारी छपाईला जायचंय. सुचवा काहीतरी.

कोशकिडा: ठामच ठेवा. संस्कृत स्थामन्, म्हणजे बळ. निर्भीड हा जोड लावलेला शब्द, वर संस्कृत उपसर्ग, खाली मराठी भीड. शुद्धच हवा तर ‘निर्भय’ आहे की.

वऱ्हाडी_ठेचा: निर्भय वेगळं, निर्भीड वेगळं. भय सापाचं असतं, भीड मामांची. आमचे बाबा तालुक्याच्या कचेरीत कारकून. रात्री शेतात एकटे जात, पण साहेबांची बेरीज चुकलीय हे सांगायला जीभ उचलेना. दोन दिवस ती फाईल साहेबांच्या टेबलावर उघडी ठेवली, चुकलेल्या आकड्यावर पेन्सिल आडवी ठेवून. साहेब पेन्सिल उचलून दुसरीकडे सही करायचे! शेवटी आई म्हणाली, ‘सांगून टाका एकदाचं, भीड भिकेची बहीण.’

इंदूरवाला: इकडे फार जपून वापरावा लागतो हा शब्द. हिंदीत भीड म्हणजे गर्दी. ऑफिसात म्हणालो, ‘मला साहेबांची भीड वाटते.’ मित्र म्हणे, केबिनमध्ये तर ते एकटेच असतात.

कोशकिडा: माझ्या मते भीड ‘भिडणे’वरूनच आली. समोरासमोर आल्यावर वाटते ती.

वऱ्हाडी_ठेचा: म्हणजे निर्भीड तो, जो कुणाला भिडतच नाही? साप्ताहिकवाल्यांना कळवा.

धावपट्टी: शब्दाआधी वाक्य बघा. २७ मार्च १९७७, स्पेनच्या टेनेरिफ बेटावरचा विमानतळ, धुकं. दोन जंबो विमानं एकाच धावपट्टीवर. उड्डाणासाठी सुटलेल्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली. त्यानं विचारलं, ते दुसरं विमान पट्टीवरून बाहेर गेलं नाही का? कॅप्टन ज्येष्ठ, नावाजलेला. तो ठासून म्हणाला, गेलंय. इंजिनिअर पुढे काही बोलला नाही. ५८३ माणसं गेली. कॅप्टनला टोकायला शिकवण्याचं जे प्रशिक्षण नंतर वैमानिकांना सुरू झालं, त्यामागे असेच अपघात आहेत. त्यानं शंका नीट विचारली होती, पण विचारणं आणि ‘थांबा, पट्टी मोकळी नाही’ म्हणणं यात जे अंतर आहे, त्याला शब्द हवाय. ‘निर्भीड’मध्ये तो माणूस दिसतो, वाक्य नाही दिसत.

आक्का_सांगली: आमच्याकडं असं बोलणाऱ्याला रोखठोक म्हणतात. बाई बोलली की तीच फटकळ. बँकेत एकोणतीस वर्षं ऐकलंय.

सायली_चाकण: आक्का, अगदी! म्हणूनच परखड, सडेतोड हे शब्द नकोत. त्यात समोरच्याला झोडल्याचा वास आहे. मला न भांडता, पण न पडता बोलणारा माणूस हवाय.

शुद्धलेखन_सैनिक: अहो, एचआर, गार्ड, युनियन... आधी हे बदला. शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला, फारसीला प्रतिशब्द दिले. आपल्याला एक जमेना?

इंदूरवाला: सरकारी हुद्द्यांना मराठी नावं देणारा १९६२चा पदनाम कोशही आठवा. लोक त्याला ‘बदनाम कोश’ म्हणायचे. आणि प्रेसवर बोट गेलं की कामगार ‘गार्ड, गार्ड’च ओरडतो.

धावपट्टी: सायली, विशेषणच कशाला? ‘कुणाचीही भीड न ठेवता लगेच सांगा’ असं लिहा. क्रियापद आपलं काम करेल.

कोशकिडा: ‘भीडमुरवत न ठेवता’ जास्त भारदस्त.

आक्का_सांगली: मुरवत नव्हे, मुर्वत.

कोशकिडा: अरबी मुरुव्वत. दोन्ही चालतात.

आक्का_सांगली: चालतात कुठली! आमच्या मास्तरांनी मुर्वतच लिहून घेतलं होतं, पाटीवर.

सायली_चाकण: अहो, छपाई उद्या आहे...

शुद्धलेखन_सैनिक: पाटीवर काय लिहिलं त्यावर शब्द ठरत नाही. मुलाहिजाही मग अरबीच ना?