बलात्काराच्या केसमध्ये शिक्षा ठरते कशी? कुणाला ७ वर्षं तर कुणाला मरेपर्यंत जन्मठेप

खिडकीजवळचा
कायद्यातलं कळणाऱ्यांनी जरा सांगा. पेपरात वाचतो, एका केसमध्ये बलात्कार सिद्ध होऊन ७ वर्षं सक्तमजुरी, दुसऱ्यात १०, तिसऱ्यात मरेपर्यंत जन्मठेप, आणि वाचताना गुन्हा तर सारखाच वाटतो, मग हे काय जजच्या मूडवर असतं का? आणि शिक्षा कमी वाटली तर त्या मुलीला पुढे काही करता येतं की तिथेच विषय संपला? "सगळे विकले गेलेत" टाइप उत्तर नको प्लीज, ते मलाही देता येतं.

काळा_कोट
मूडवर नाही हो. बातमीत जी गोष्ट हमखास गाळतात ती म्हणजे गुन्हा घडल्याची तारीख. शिक्षा निकालाच्या दिवशीच्या कायद्याने होत नाही, गुन्हा घडला त्या दिवशीच्या कायद्याने होते, राज्यघटनेचं कलम २० सांगतं की नंतर वाढवलेली शिक्षा आधीच्या गुन्ह्याला लावायची नाही. आता ३७६ बघा, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेतलं (आयपीसी) बलात्काराच्या शिक्षेचं कलम. आधी किमान ७ वर्षं होती आणि "पुरेशी आणि खास कारणं" लिहून जज त्याच्याही खाली जायचे, गेलेतही भरपूर. २०१३ च्या दुरुस्तीत ती पळवाट बंद झाली. २०१८ ला ७ चे १० झाले, मुलगी १६ च्या आतली असेल तर किमान २०, आणि १२ च्या आतली असेल तर २० पासून फाशीपर्यंत. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना दंड संहितेच्या जागी आलेली भारतीय न्याय संहिता, तिथे हेच कलम ६४ आणि ६५ मध्ये आहे. म्हणजे घटना २०१६ ची, निकाल आत्ता, तर मोजणी ७ पासूनच सुरू, मग लोक म्हणणार बघा कसा सोडला. आरोपी पोलीस असेल, नातेवाईक असेल, ज्याच्या भरवशावर ती होती असा कुणी असेल तर मात्र २०१३ नंतर १० च्या खाली येताच येत नाही.

जजच्या हातात काय, तर किमानच्या वर किती जायचं. दोषी ठरवल्यावर शिक्षेवर वेगळी सुनावणी घ्यावीच लागते. सरकारी वकील सांगणार मुलीचं वय काय, विश्वासघात कसा केला, मारहाण किती, आणि बचावाचं ठरलेलं, तरुण आहे, पहिलाच गुन्हा, घरी म्हातारे आईवडील. माझं मत विचाराल तर आपल्याकडे हा टप्पा फार घाईत उरकतात. फाशीची शक्यता असेल तिथे तरी आरोपीचा तुरुंगातला अहवाल, मानसिक तपासणी वगैरे मागवा असं सुप्रीम कोर्टाने २०२२ ला सांगितलंय.

सरळ_बोलतो
एवढं पुराण कशाला, गुन्हा सिद्ध झाला ना मग सरसकट फाशी द्या, दोनचार लटकवले की बाकीचे आपोआप सुधारतील.

मीरा_लिहिते
@सरळ_बोलतो राग समजतो पण मुंबईचं शक्ती मिल सामूहिक बलात्कार प्रकरण आठवतंय का? गुन्हा २०१३ चा, २०१४ ला सेशन्स कोर्टाने तिघांना फाशी दिली, कारण ३७६ ई हे पुन्हा गुन्हा करणाऱ्यांचं नवीन कलम लागलं. नोव्हेंबर २०२१ ला मुंबई हायकोर्टाने फाशी रद्द करून मरेपर्यंत जन्मठेप केली, पॅरोल नाही फर्लो नाही, म्हणजे तुरुंगातून कसलीच सुट्टी नाही, आणि लोकांचा संताप बघून शिक्षा ठरवता येत नाही हेही सांगितलं. मला ती शिक्षा हलकी वाटत नाही, बाहेर यायचंच नाहीये त्यांना. दुसरं म्हणजे बहुतेक केसेसमध्ये आरोपी ओळखीचाच असतो, काका मामा शेजारी, फाशी होणार म्हटल्यावर घरचेच त्या पोरीला तक्रार करू देणार नाहीत. आणि बलात्काराला आणि खुनाला एकच शिक्षा केली तर तो तिला जिवंत कशाला सोडेल?

सरळ_बोलतो
शेवटचा मुद्दा पटला. बाकी नाही.

खिडकीजवळचा
तारखेचं खरंच माहीत नव्हतं, थँक्स. पण अपीलचं राहिलं ना. आणि "लग्न करतो" म्हणाला, तडजोड झाली म्हणून शिक्षा कमी, असंही वाचलंय कुठेतरी.

काळा_कोट
तडजोडीचं आधी. २०१३ ला सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की समझोता झाला, लग्न ठरलं, ही शिक्षा कमी करायची कारणं नाहीत, बलात्कार हा तिचा त्याचा खाजगी वाद नाहीच. वाचलं असेल तर जुनं असेल.

अपीलची गंमत अशी, खरं तर गंमत कसली, मला ही कायद्यातली मोठी उणीव वाटते. आरोपी निर्दोष सुटला, हलक्या कलमात दोषी ठरला किंवा नुकसानभरपाई कमी दिली तर पीडितेला स्वतः अपील करता येतं. पण गुन्हा त्याच कलमात सिद्ध झालाय आणि फक्त वर्षं कमी वाटतायत, तर नाही. सुप्रीम कोर्टाने २०२० ला हेच सांगितलं आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या (सीआरपीसी) जागी आलेल्या नवीन नागरिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद तशीच आणलीय. शिक्षा वाढवून मागायची ती सरकारने, हायकोर्टात. म्हणून निकाल लागल्याबरोबर सरकारी वकिलाकडे लेखी अर्ज द्यायचा की वाढीसाठी अपील करा, आणि मागे लागायचं, नुसतं तोंडी सांगून फाईल हलत नाही. अजून एक, असं अपील गेलं की आरोपीलाही तिथे "मला सोडा नाहीतर शिक्षा कमी करा" म्हणायचा हक्क मिळतो, तेव्हा पुरावा किती पक्का आहे ते आधी बघून घ्यावं.

मीरा_लिहिते
हे शेवटचं कुणी सांगतच नाही. आणि दोन कलमांत २० आणि १० अशी शिक्षा झाली तर ३० धरायची का?

काळा_कोट
निकालपत्राचं शेवटचं पान बघा. शिक्षा एकत्र भोगायच्या असं लिहिलेलं असतं बहुतेक वेळा, मग २० च. जुन्या कायद्यात तसं लिहिलं नसेल तर एकामागून एक धरायचे, नवीन नागरिक सुरक्षा संहितेत मात्र एकत्र की एकामागून एक हे कोर्टानेच सांगायचं. आणि निकालाआधी जेलमध्ये काढलेले दिवस त्यातून वजा होतात.