जेट इंजिन एकट्या व्हिटलचं? काहीही!

पत्रेवाला:
"जेट इंजिन एकट्या फ्रँक व्हिटलने शोधलं, जर्मनांनी ढापलं." कालची ही पोस्ट वाचून डोकंच सटकलं. पहिलं जेट विमान, जर्मनांचं हाइन्केल १७८, उडालं २७ ऑगस्ट १९३९ ला. या ब्रिटिश व्हिटलचं इंजिन हवेत गेलं १५ मे १९४१ ला! हाइन्केलचं इंजिन करणाऱ्या ओहाइनचं नाव तरी निघतं, पण माक्स हान कुणाला आठवतो? गॉटिंगेनच्या गॅरेजमधला मेकॅनिक. ओहाइन तिथे गाडी दुरुस्तीला न्यायचा. त्याचं डिझाइन बनवता येईल इतकं सोपं करून पहिलं मॉडेल उभं केलं ते या पठ्ठ्याने.

अर्जदार:
पोस्ट माझीच. ते मॉडेल धड चाललं का? इंधन आत जळायचंच नाही, मागून नुसत्या ज्वाळा. व्हिटलचा पेटंट अर्ज जानेवारी १९३० चा आहे. १९३५ मध्ये नूतनीकरणाचे पाच पौंड ब्रिटिश हवाई मंत्रालयाने भरले नाहीत, पेटंट गेलं. पाच पौंड!

पत्रेवाला:
पेटंट गेलं म्हणजे जर्मनांनी ढापलं? पुरावा द्या.

शॉपफ्लोर:
पेटंटचं नाव काढू नका. आमच्या कारखान्यात सात महिने खपून जिग, म्हणजे यंत्रावर काम धरून ठेवायचं साधन, मी बनवलं. अर्जावर नावं कुणाची? साहेबाची आणि साहेबाच्या मेहुण्याची. मेहुणा अकाउंट्सला!

अर्जदार:
वाईट झालं. पण जिगचा इथे काय संबंध?

शॉपफ्लोर:
हात काळे करणारा विसरला जातो, हाच संबंध. लेथला हात लावलाय का कधी?

अर्जदार:
बारा वर्षं. वैयक्तिक होऊ नका.

नाना_ठाणे:
आमच्याकडे जावई होता. मेहुण्यापेक्षा वाईट.

उलटी_पाती:
नातेवाईक संपले असतील तर बोलू? व्हिटल आणि ओहाइन, दोघांचेही कॉम्प्रेसर (हवा दाबणारा भाग) सेंट्रिफ्युगल, म्हणजे हवा कडेला फेकून दाबणारे. आजच्या मोठ्या विमानांत अ‍ॅक्सियल असतो, हवा सरळ मागे ढकलत दाबणारा. तसल्या जेट इंजिनाचं पेटंट फ्रान्सच्या गियोमने १९२१ लाच घेतलं होतं, गणित ब्रिटिश ग्रिफिथने १९२६ मध्ये मांडलं. हजारोंनी बनवून दाखवलं ते आन्सेल्म फ्रान्झने, जर्मनांचं जुमो ००४ इंजिन. तेही युद्धात उष्णता सोसणाऱ्या धातूला लागणारं निकेल मिळत नसताना! इंजिन पंचवीसेक तासांत बाद व्हायचं, पण उडायचं.

पत्रेवाला:
ग्रिफिथ म्हणजे व्हिटलच्या कल्पनेला नाक मुरडणारा तोच ना? धन्य.

अर्जदार:
बरं बाबा, "एकट्याने" मागे घेतो. हान थोर, गियोम थोर, मेहुणाही थोर. पाच पौंडांचं मात्र कुणीच बोललं नाही.

शॉपफ्लोर:
मेहुण्याला थोर म्हणायचं काम नाही.